दुधाच्या पाच बादल्या

मिस्टर जोन्सला हाकलून दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनोर फार्मवरच्या गाई हंबरायला लागतात. चोवीस तासांत कोणी धार काढलेली नसते, कास तटतटलेली असते. डुकरे बादल्या मागवतात, आपल्या खुरांनी जमेल तशी धार काढतात आणि फेसाळ दुधाच्या पाच बादल्या भरतात. या दुधाचे करायचे काय, असे कोणीतरी विचारते. जोन्स कधीमधी आमच्या भरड्यात थोडे घालायचा, अशी आठवण एक कोंबडी काढते. तेवढ्यात नेपोलियन नावाचा डुक्कर बादल्यांच्या पुढे येऊन उभा राहतो. दुधाचे नंतर बघू, आधी गवताच्या कापणीला चला, एवढेच त्याचे म्हणणे. सगळे जातात. संध्याकाळी परत येऊन बघतात तर दूध नाहीसे झालेले असते.

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’ची ओळख या बादल्यांपासून करून देण्याचे कारण खुद्द ऑर्वेलनेच देऊन ठेवले आहे. डिसेंबर १९४६ मध्ये ड्वाइट मॅक्डोनाल्ड या अमेरिकन संपादक मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले की डुकरे दूध आणि सफरचंदे स्वतःसाठी ठेवून घेतात तिथेच गोष्ट फिरते, आणि ते लिहिताना क्रोनस्टाट आपल्या मनात होते. क्रोनस्टाट म्हणजे पेट्रोग्राडजवळच्या बेटावरचा आरमारी तळ. १९१७च्या क्रांतीत तिथले खलाशी सर्वांत पुढे होते. मार्च १९२१ मध्ये त्याच तळावरच्या खलाशांनी सोव्हिएतांच्या निवडणुका पुन्हा मोकळेपणाने घ्या, कामगार-शेतकऱ्यांना बोलू द्या, अशा मागण्या केल्या. गोठलेल्या समुद्रावरून लाल सेना पाठवून त्यांना चिरडण्यात आले. तेव्हा लेनिन हयात होता, युद्धखाते ट्रॉट्स्कीकडे होते, आणि स्टालिनच्या एकहाती सत्तेला अजून बराच अवकाश होता.

हे ध्यानात घेतले की पुस्तक वेगळे दिसू लागते. पुष्कळ वाचक ते असे वाचतात: उठावाचे स्वप्न देणारा म्हातारा डुक्कर मेजर भला, नेपोलियनचा प्रतिस्पर्धी डुक्कर स्नोबॉल भला, नेपोलियन तेवढा दुष्ट निघाला आणि सगळे बिघडले. पण ऑर्वेलने स्पष्ट लिहिले आहे की दूध-सफरचंदांच्या वाटणीवर सगळ्या डुकरांचे एकमत होते. एरवी प्रत्येक बाबतीत भांडणारे स्नोबॉल आणि नेपोलियनही इथे एक होतात. डोक्याचे काम करणाऱ्यांना दुधाची गरज असते, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे, असे स्क्वीलर नावाचा डुक्कर सगळ्यांना समजावतो, आणि शेवटी विचारतो की जोन्स परत यायला हवा आहे का तुम्हाला? त्यावर कोणापाशी उत्तर नसते. स्नोबॉलला कुत्र्यांनी पळवून लावणे, कबुलीजबाब, कत्तली हे सगळे नंतर येते. शेत हातचे जाते ते त्या संध्याकाळी, दुधाबद्दल पुन्हा कोणी विचारत नाही तेव्हा. माझ्या मते हे पुस्तक हुकूमशहाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, न विचारणाऱ्यांबद्दल आहे. त्याच पत्रात ऑर्वेल म्हणतो की सामान्य माणसे जागी राहिली आणि काम झाल्याबरोबर पुढाऱ्यांना घरी कसे पाठवायचे हे त्यांना कळले, तरच क्रांतीने खरी सुधारणा होते. क्रांती करूच नये असे तो म्हणत नाही. जोन्सच्या राज्यात गाईगुरांचे हाल होते आणि उठाव रास्त होता, याबद्दल पुस्तकात कुठेही शंका नाही.

प्राण्यांच्या तोंडून राज्यकारभाराची गोष्ट सांगणे आपल्याला नवे नाही. पंचतंत्र मुळात राजपुत्रांना राजनीती शिकवण्यासाठी रचलेले. त्यातल्या करटक-दमनक या कोल्ह्यांची जोडी पेहलवी भाषेतून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाच्या अरबीत गेली, ‘कलीला व दिमना’ झाली आणि तिथून युरोपात पोचली. दहाव्या शतकात बसरा इथल्या ‘इख्वान अस-सफा’ या विद्वानांच्या मंडळाने जनावरांनी माणसावर भरलेल्या खटल्याची गोष्ट लिहिली. त्यात जिनांच्या राजापुढे एकेक प्राणी माणसाच्या मालकीहक्काला आव्हान देतो. रोमन कवी फीड्रस हा स्वतः गुलामगिरीतून सुटलेला. त्याने लिहून ठेवले आहे की गुलामाला मनातले उघड बोलता येत नव्हते, म्हणून त्याने ते प्राण्यांच्या गोष्टीत घातले. रशियात झारच्या सेन्सॉरला चुकवत लिहिणाऱ्या साल्तिकोव्ह-श्चेद्रिनने अशा आडवळणाच्या लिखाणाला इसापचेच नाव दिले. मराठीतही इसाप लवकर आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरला सरफोजी राजांच्या आश्रयाने त्याच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, आणि पुढे मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी त्या पुन्हा मराठीत आणल्या. शाळेच्या वाटेने आल्यामुळे आपण या गोष्टी मुलांच्या म्हणून बाजूला ठेवल्या. त्यांतली सत्तेची जाण आपण पुरेशी ओळखली नाही, असे मला वाटते.

तरीही या परंपरेत आणि ऑर्वेलच्या पुस्तकात एक मोठा फरक आहे. पंचतंत्रातली सिंह आणि सशाची गोष्ट घ्या. जंगलातले प्राणी सिंहाशी करार करतात, रोज एकाने मुकाट त्याच्या जेवणासाठी जायचे. सशाची पाळी येते, तो उशिरा पोचतो, दुसऱ्या सिंहाची थाप मारतो, विहिरीतले प्रतिबिंब दाखवतो आणि सिंह उडी घेऊन मरतो. जुलमी राजा मेला, गोष्ट संपली. दुसऱ्या दिवशीपासून जंगलात काय झाले, सशाला लोकांनी काय मान दिला, त्या मानाचे त्याने काय केले, हे विष्णुशर्मा सांगत नाही. शिवाय ही गोष्ट सांगतो दमनक, आणि त्याला बळापेक्षा बुद्धी कशी वरचढ ठरते एवढेच पटवायचे असते. ऑर्वेलचा जोन्स दुसऱ्याच प्रकरणात पळून जातो. बाकीची आठ प्रकरणे विहिरीपुढची आहेत.

क्रांतीनंतरच्या या प्रदेशात त्याच्याआधीही कोणी कोणी जाऊन आले होते. इतिहासकार निकोलाय कोस्तोमारोव्ह १८८५ मध्ये वारला. जनावरांच्या बंडावरची त्याची कथा छापली गेली ती थेट १९१७ मध्ये. पोलंडच्या व्लादिस्लाव रेमोंटने ‘बुंट’, म्हणजे बंड, नावाची कादंबरी लिहिली आणि ती १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आली, त्याच वर्षी त्याला नोबेल मिळाले. तिच्यातही कुत्र्याच्या पुढाकाराने जनावरे माणसाविरुद्ध उठतात आणि स्वातंत्र्याच्या शोधात त्यांची वाताहत होते. पण रेमोंटचे प्राणी सुखाच्या देशाकडे चालत राहतात. ऑर्वेलचे प्राणी आहेत तिथेच राहून शेत चालवायला बघतात. नांगरट, कापणी, अंड्यांचा हिशेब, पवनचक्कीचे दगड, हिवाळ्यातली वैरण, यांतून राज्य कसे घडते आणि बिघडते हे तो दाखवतो. कारभाराचा हा बारकावा त्याच्याआधी कोणाला साधला नव्हता.

हा बारकावा त्याने कुठून आणला, ते त्याच्या आयुष्यात दिसते. एरिक ब्लेअर हे त्याचे खरे नाव. जन्म १९०३ चा, बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. वर्षाच्या आतबाहेर असतानाच आई त्याला इंग्लंडला घेऊन गेली. १९२२ मध्ये तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून आला आणि पाच वर्षे साम्राज्याची चाकरी करून, तिचा वीट येऊन परतला. १९३६ च्या अखेरीस तो स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढायला गेला. मे १९३७ मध्ये वेस्काजवळ गोळी त्याच्या मानेतून आरपार गेली. तिच्यातून तो वाचला, पण महिन्याभरातच मॉस्कोच्या कलाने वागणाऱ्यांनी ज्याच्या तुकडीतून तो लढला त्या ‘पूम’ या पक्षाला फॅसिस्टांचे हस्तक ठरवून बेकायदा केले. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून तो लढला ते तुरुंगात गेले, आणि तो व त्याची बायको आयलीन कसेबसे फ्रान्सची हद्द ओलांडून सुटले. लंडनला येऊन बघतो तर सुशिक्षित, भली माणसे वर्तमानपत्रातली ती खोटी हकिकत खरी मानून बसलेली. स्क्वीलरचा जन्म तिथला.

त्याचे पुढचे शिक्षण झाले ते बीबीसीत, आणि इथे मराठीचा धागा येतो. ऑगस्ट १९४१ पासून ऑर्वेल बीबीसीच्या पूर्वेकडच्या प्रसारण विभागात हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करत होता. युद्धावरची वार्तापत्रे तो इंग्रजीत लिही आणि ती मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांत उतरून प्रसारित होत. त्याच्या सहकाऱ्यांत वेणू चितळे होत्या. मराठीतून बातम्या देणाऱ्या, त्याच्या कामात हातभार लावणाऱ्या या बाईंनी पुढे १९५० मध्ये ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. आज त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते. १९४२ मधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ‘व्हॉइस’ या काव्यविषयक कार्यक्रमासाठी जमलेल्या मंडळींत ऑर्वेल, वेणू चितळे, मुल्कराज आनंद आणि टी. एस. एलियट एकत्र दिसतात. या कचेरीत प्रत्येक संहिता आधी तपासनीसाच्या नजरेखालून जाई. मित्रराष्ट्र रशियाबद्दल काय बोलायचे आणि काय नाही, हे ठरलेले असे. नोव्हेंबर १९४३ मध्ये ऑर्वेलने ही नोकरी सोडली आणि त्याच महिन्यात ‘अ‍ॅनिमल फार्म’ लिहायला घेतले. फेब्रुवारीत ते पूर्ण झाले. रोज लिहिलेली पाने तो रात्री आयलीनला वाचून दाखवायचा. पुस्तक छापून आलेले पाहणे तिच्या नशिबी नव्हते. मार्च १९४५ मध्ये ती वारली.

गोष्टीचे बीज मात्र जुने होते. हर्टफर्डशरमधल्या वॉलिंग्टन गावात तो शेळ्या-कोंबड्या पाळून राहत असे. एकदा त्याने पाहिले, अरुंद वाटेवरून एक दहाएक वर्षांचा पोरगा भल्या थोरल्या गाडीच्या घोड्याला हाकत चालला होता, घोड्याने वळायचे म्हटले की चाबूक ओढत होता. या जनावराला आपल्या ताकदीची जाणीव झाली तर काय होईल, असे ऑर्वेलच्या मनात आले. पुस्तकातला राबणारा घोडा बॉक्सर तिथून आला.

कोण कोणासाठी उभे आहे याची यादी लवकर देता येते. जोन्स म्हणजे झार, मेजरमध्ये मार्क्स आणि लेनिन मिसळलेले, नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की. मोझेस कावळा हे रशियन चर्च. अंडी द्यायला नकार देणाऱ्या कोंबड्यांत सामुदायिक शेतीला विरोध करणारे शेतकरी दिसतात. कबुलीजबाब देऊन मरणारे प्राणी म्हणजे १९३६ ते १९३८ मधले मॉस्कोचे खटले. शेजारचा शेतमालक फ्रेडरिक याने दिलेल्या खोट्या नोटा म्हणजे १९३९ चा हिटलर-स्टालिन करार. ही यादी हाताशी असावी, पण तिच्यात अडकू नये. तिच्यातून एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी, ती म्हणजे ऑर्वेलची न्यायबुद्धी. पवनचक्की सुरुंगाने उडते त्या प्रसंगी नेपोलियनसकट सगळे प्राणी जमिनीवर पालथे पडतात, असे त्याने आधी लिहिले होते. मार्च १९४५ मध्ये पॅरिसहून त्याने प्रकाशकाला कळवले की नेपोलियन सोडून सगळे, असे करा. जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा स्टालिन मॉस्को सोडून गेला नव्हता, तेव्हा त्याच्यावर अन्याय नको. ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याच्याबाबतही एवढा काटेकोरपणा ठेवणारा उपहासकार विरळा.

या पुस्तकात मला सर्वांत मोलाचे वाटते ते अक्षरओळखीचे प्रकरण. उठावानंतर प्राण्यांचे वर्ग भरतात. डुकरांना आधीच लिहिता-वाचता येते. कुत्री बरे वाचतात, पण उठावानंतर ठरलेल्या सात नियमांपलीकडे काही वाचण्यात त्यांना रस नाही. म्यूरिएल शेळी उकिरड्यावर सापडलेले वर्तमानपत्राचे तुकडे संध्याकाळी इतरांना वाचून दाखवते. क्लोव्हर घोडीला सगळी अक्षरे येतात, शब्द जुळवता येत नाहीत. बॉक्सर खुराने धुळीत पहिली चार अक्षरे काढतो आणि पुढचे आठवायला कपाळ आखडून उभा राहतो. पुढची चार शिकला की मागची विसरतो. मॉली घोडीला फक्त स्वतःचे नाव लिहायचे असते. मेंढ्यांना सात नियम पाठ होत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी एकच घोषणा काढली जाते, आणि पुढे कोणी विरोधात बोलू लागले की तीच घोषणा तासन्‌तास ओरडून त्यांचे बोलणे बुडवले जाते. बेंजामिन गाढवाला डुकरांइतकेच चांगले वाचता येते, पण वाचण्यासारखे काही नाही म्हणून तो वाचत नाही.

आता हेच सात नियम कोठाराच्या डांबर लावलेल्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेले आहेत. डुकरे घरात पलंगावर झोपू लागतात, तेव्हा पलंगाच्या नियमात चादरीची अट आलेली असते. कत्तल होते, तेव्हा हत्येच्या नियमात कारणाची सवलत आलेली असते. दारूच्या नियमात प्रमाणाचा शब्द घुसतो. पहिल्या दोन्ही वेळी क्लोव्हरला वाटते, नियम असा नव्हता. ती म्यूरिएलला बोलावते, म्यूरिएल चाचपडत वाचते, आणि भिंतीवर तसे लिहिले आहे म्हणजे आपलीच आठवण चुकीची, अशी क्लोव्हर समजूत घालून घेते. एका रात्री धाडकन आवाज होतो. सगळे धावतात. भिंतीच्या पायथ्याशी मोडलेली शिडी, शेजारी आडवा पडलेला स्क्वीलर, कंदील, कुंचला आणि सांडलेला पांढरा रंग. याहून उघडा पुरावा असू शकत नाही. तरी काय झाले ते कोणाला कळत नाही. बेंजामिन मान डोलावतो आणि गप्प राहतो. अडाणी कुणबी कागदपत्रांच्या जाळ्यात कसा नागवला जातो, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले आहे. ते वाचलेल्या माणसाला ही भिंत लगेच ओळखता येईल.

बेंजामिनच्या गप्प राहण्याचा हिशेब नवव्या प्रकरणात होतो. थकून कोसळलेल्या बॉक्सरला दवाखान्यात नेतो म्हणून गाडी येते. बेंजामिन पहिल्यांदा धावतो, पहिल्यांदा ओरडतो आणि सगळ्यांना बोलावून आणतो. प्राणी गाडीभोवती जमून निरोप देऊ लागतात. तेव्हा गाडीवर काय लिहिले आहे ते तो पहिल्यांदा इतरांना वाचून दाखवतो. गाडी घोडे कापणाऱ्या खाटकाची असते. बॉक्सर आतून लाथा झाडतो, पण गाडी फोडण्याइतके बळ त्याच्यात उरलेले नसते. तीन दिवसांनी स्क्वीलर सांगतो की गाडी पशुवैद्याने विकत घेतली होती, जुने नाव खोडायचे राहून गेले होते, एवढेच. प्राण्यांना हायसे वाटते. पुढे डुकरांच्या घरी व्हिस्कीची पेटी येते. ज्याला वाचता येत होते त्याने योग्य वेळी वाचले नाही, आणि या शेतावर सर्वांत जास्त राबलेला जीव त्याची किंमत देऊन गेला. शहाण्या माणसाच्या अलिप्तपणावर इतका कठोर निवाडा मी दुसऱ्या कोणत्या पुस्तकात वाचलेला नाही.

हे पुस्तक छापायला इंग्लंडमध्ये प्रकाशक मिळेना. युद्धात रशिया दोस्त होता, लाल सेना रक्त सांडत होती आणि स्टालिनवर टीका करणे असभ्यपणाचे मानले जाई. व्हिक्टर गोलांझने नाही म्हटले. जोनाथन केपने आधी हो म्हटले, मग माहिती मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून माघार घेतली. जून १९४४ मध्ये ऑर्वेलच्या लंडनमधल्या घरावर उडता बॉम्ब पडला आणि हस्तलिखित ढिगाऱ्यातून काढावे लागले. तेच चुरगळलेले हस्तलिखित फेबर या प्रकाशनसंस्थेत एलियटकडे गेले. एलियटने लिखाणाची तारीफ केली, पण पुस्तक नाकारले. त्याचा मुद्दा असा की डुकरेच सर्वांत हुशार, तेव्हा शेत चालवायला तीच लायक. गरज आहे ती लोकहिताची जास्त चाड असलेल्या डुकरांची. एलियटसारख्या मर्मज्ञ वाचकाने दुधाच्या बादल्या ओलांडून पुढे जावे, याचे मला वाईट वाटते. हुशारांच्या भलेपणावर विसंबणे हाच तर त्या शेताचा घात होता. अमेरिकेतल्या एका प्रकाशकाने प्राण्यांच्या गोष्टी खपत नाहीत असे कळवले. शेवटी सेकर अँड वॉरबर्गने १७ ऑगस्ट १९४५ रोजी पुस्तक काढले. कागदाच्या टंचाईमुळे पहिली आवृत्ती साडेचार हजारांची होती. या आवृत्तीसाठी ऑर्वेलने मुद्रणस्वातंत्र्यावर एक प्रस्तावना लिहिली होती. सरकारने बंदी न घालताही संपादक-प्रकाशक आपणहून तोंड कसे बंद ठेवतात, हा तिचा विषय. ती छापली गेली नाही. १९७१ मध्ये सापडली आणि १९७२ मध्ये उजेडात आली.

पुस्तकाचे नशीब पुढेही असेच विचित्र राहिले. युद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत सोव्हिएत प्रदेशातून आलेले युक्रेनी लोक राहत होते. इहोर शेव्हचेन्को या तरुण अभ्यासकाने त्यांना ही गोष्ट तोंडी भाषांतर करत सांगितली आणि १९४६ मध्ये ऑर्वेलला कळवले की टेकडीवर जमून प्राणी आपले जुने गाणे म्हणतात त्या प्रसंगाने ऐकणारे हलून जातात. ऑर्वेलने मोबदला न घेता युक्रेनी आवृत्तीला परवानगी दिली आणि १९४७ मध्ये तिच्यासाठी खास प्रस्तावना लिहिली. म्युनिकमध्ये छापलेल्या प्रतींपैकी सुमारे दीड हजार प्रती अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त करून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. सात वर्षांनी, ऑर्वेल वारल्यावर, अमेरिकेच्याच सीआयएने गुपचूप पैसा पुरवून या पुस्तकाचा चित्रपट करवला. त्यात शेवट बदलला. १९५४ च्या त्या व्यंगपटात प्राणी पुन्हा उठाव करून डुकरांना खाली खेचतात.

मूळ शेवटाबद्दल ऑर्वेलने युक्रेनी प्रस्तावनेत खुलासा केला आहे. डुकरे आणि माणसे एका टेबलाभोवती पत्ते खेळत बसतात, बाहेरून प्राणी पाहत राहतात. यात दोघांचा समेट दिसतो असे पुष्कळांना वाटले. ऑर्वेल म्हणतो, मला समेट दाखवायचा नव्हता. १९४३ च्या तेहरान परिषदेनंतर लगेच त्याने ते लिहिले; रशिया आणि पाश्चात्त्य देशांत आता उत्तम जमले असे तेव्हा सगळे समजत होते, आणि ते टिकणार नाही असे त्याचे मत होते. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की शेवटचे पान वाचताना चेहऱ्यांइतकेच पत्त्यांकडेही लक्ष द्यावे. नेपोलियन आणि शेजारचा शेतमालक पिल्किंग्टन दोघांनीही एकाच वेळी इस्पिकचा एक्का टाकलेला असतो, आणि घरातून बाहेर ऐकू येणारा आरडाओरडा त्या भांडणाचा असतो.